तापानंतरचं न्हाण

आत्याला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझं मन पाघळेल या आशेनं कोणी वाचत बसायला नको. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं मला घरातले सगळे सांगतात. जिवंत होती तेव्हा ती मोठी म्हणून बोलायचं नाही, आता गेली म्हणून बोलायचं नाही; मग बोलायचं तरी कधी?

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन उंबरगावला गेली, थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आली. बाबांची आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. हे बाबा कधी विसरले नाहीत आणि तिनं कधी विसरूही दिलं नाही. डहाणूला समुद्राच्या अंगाला आमची चिकूची वाडी होती, मागे थोडी भातशेती. वाडी बाबांची, घर आत्याचं. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असायचा. आई त्या घरात सून होऊन आली, तिला मी झाले, मी शाळेत जायला लागले, तरी साखरेच्या डब्याला हात लावायचा तर तिला आत्याला विचारावं लागायचं.

एका बाबतीत मात्र आत्याचं काही चालत नसे. ती बाब म्हणजे आईचा हात. आईचं माहेर झाईच्या बाजूला. तिथून ती एकच गोष्ट घेऊन आली होती, बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायची. पाय लांब करून पाटावर बसायची, बाळ पायांवर पालथं घ्यायची, तेल जिरवायची आणि मग ऊन पाणी अशा बेतानं ओतायची की बाळ रडायचं विसरून जांभई द्यायचं. आसपासच्या वाड्यांतून तिला बोलावणं यायचं. नुसत्या बाळांसाठीच नाही, दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या न्हाणासाठीही. आमच्याकडे तापात आंघोळ नसते. ताप उतरला की चांगला वार बघून, निरगुडीचा पाला टाकून उकळलेल्या पाण्यानं, सवाष्णीच्या हातून न्हायचं. ते झालं की माणूस दुखण्यातून उठला असं धरायचं. या कामासाठी आत्याला, ती विधवा म्हणून, कोणी विचारत नसे. हा अन्यायच होता, मी नाही म्हणत नाही. पण तो आईनं केलेला नव्हता. आईला बोलवायला कोणी दारात आलं की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजायची, एवढं मला त्या वयातही कळायचं.

सत्तावन साली पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूची साथ आली. शाळेतले अर्धे बाक रिकामे झाले. बाजारात जो तो खोकत होता. बाबा लावणीची माणसं बघायला तळासरीकडे गेले. दरवर्षी तिकडच्या पाड्यांवरून आमच्याकडे माणसं यायची. या वेळी पाड्यावर ज्या घरात डोकवावं तिथं माणूस पांघरूण घेऊन पडलेलं. बाबा कोणालाच न घेता परत आले आणि तापानं फणफणले. घरात त्यांच्या आधी आत्या खोकत होती, हेही खरं. पण ताप कोणी आणला याचा ठपका मी तिच्यावर ठेवणार नाही. तिचे खरे गुन्हे पुरेसे आहेत.

ताप उतरला तेव्हा बाबांचे गाल आत गेले होते. शेतात रोपं पिवळी पडायला लागली होती आणि लावणीला माणूस नव्हता. त्यांना कधी एकदा उठून चिखलात उतरतो असं झालं होतं. बाबा स्वच्छतेचे इतके भोक्ते, की वाडीतून आले की अंगावर पाणी घेतल्याशिवाय ओटीची पायरी चढायचे नाहीत. ते आईला म्हणाले, “मला आज न्हाऊ घाल. माझाच मला वास येतोय.”

आत्या म्हणाली, “अमावास्या जाऊ दे आधी. घाई कसली?”

“लावणी अमावास्येसाठी थांबते काय गं आक्का?” बाबा म्हणाले.

आईनं एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग मला निरगुडीचा पाला आणायला पाठवलं. त्या दिवशीचं न्हाण मला नीट आठवतं, कारण बाबा न्हाणीघरातून बाहेर आले ते हसत आले. “आता माणसात आलो,” म्हणाले. दोन घास मऊ भात जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातली कपबशी खाली पडली. आधी आम्हाला वाटलं, अशक्तपणा. मग ते काहीतरी बोलले आणि ते बोलणंच नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय पोत्यासारखा पडलेला. आई त्यांना सावरायला धावली. आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, “गेलं. अंगावरून वारं गेलं माझ्या भावाच्या. ओल्या अंगाला वारं लागलं. सांगत होते मी. हिच्या हातानं केलं हे.”

कोणी दुखण्यात असलं की माणसं वाटेल ते बोलून जातात. तेवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण आत्या तिथं थांबली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं. मासळीवालीला सांगितलं, देवळात सांगितलं, गवताच्या गाड्या घेऊन जाणाऱ्या गाडीवानांना थांबवून सांगितलं, “वहिनीनं अमावास्येच्या तोंडावर न्हाऊ घातलं, दुसऱ्या दिवशी भाऊ आडवा.” गोष्ट चारोटीच्या नाक्यापर्यंत पोचली आणि तिथून कासा, तळासरी. आईला बोलावणी यायची बंद झाली. एका घरात आई नेहमीसारखी बाळाला न्हाऊ घालायला आपणहून गेली, तर त्या घरातल्या सासूनं ओटीवरच तिला चहा दिला, गोड बोलली आणि बाळ आत नेलं. आई परत आली आणि तिनं हात धुतले. काहीच केलेलं नव्हतं तरी धुतले.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईला ते पटलं. तिनं भांडण केलं असतं, माहेरी निघून गेली असती, तर मला आज इतका राग राहिला नसता. ती मुकाट्यानं अपराधी झाली. बाबांच्या खोलीच्या समुद्राकडच्या खिडक्या तिनं लावल्या आणि फटींत चिंध्या कोंबल्या. बाबांच्या अंगाला पाणी लागू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. कोमट पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून, ती त्यांना पुसायची; एक हात उघडा करायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. तळासरीकडचा एक भगत तेल देऊन गेला, ते चोळायची. बाबांचं बोलणं पुढे थोडं सुधारलं, आम्हाला कळण्यापुरतं. ते डाव्या हातानं न्हाणीघराकडे बोट दाखवायचे. आई हात जोडायची. “नको हो,” म्हणायची, “पुन्हा नको.” बाबा कधी चिडायचे, कधी रडायचे. दुखणाईत माणसाला रडू लवकर येतं, असं आत्या म्हणायची.

अशी काही वर्षं काढून बाबा गेले. पुढे माझं लग्न झालं, मी तळासरीला राहायला गेले. घरात आई आणि आत्या दोघीच उरल्या, आणि किल्ल्या अजून आत्याच्याच कमरेला.

साठचं दशक सरत आलं होतं, तेव्हा पुन्हा तशीच साथ आली. आत्या आजारी पडली. आईचा निरोप आला आणि मी एसटीनं डहाणूला गेले. आत्याच्या सेवेला नव्हे. आई एकटी दमेल म्हणून. आत्या तापानं लालबुंद झाली होती आणि तरीही आईला चादर नीट घालता येत नाही म्हणून बोलत होती.

आमचे डॉक्टर डहाणूचेच, गुजराती, सत्तावन साली बाबांना बघायला आले होते तेच. आता केस पिकले होते. त्यांनी आत्याला तपासलं, औषध लिहून दिलं आणि ओटीवर येऊन हात धुता धुता मला म्हणाले, “बेन, ताप उतरला म्हणजे झालं असं समजू नका. यांचं वय झालंय, ब्लडप्रेशर आहे. ताप गेल्यावरचे पंधरा-वीस दिवस सांभाळा. हात जड वाटला, जीभ अडखळली, तर लगेच मला बोलवा. तुमच्या बाबांचं झालं तसं व्हायला नको.”

मी विचारलं, “म्हणजे? बाबांचं तर न्हाण लवकर घातलं म्हणून झालं ना?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. “न्हाण? कोण म्हणतं? त्या साथीत असे बरेच पाहिले मी. तापातून उठतात, बरं वाटतं आणि मग कोसळतात. तापात रक्त दाटतं, डोक्यातल्या नसेत गुठळी अडकते. तुमच्या बाबांचं प्रेशर आधीच चढलेलं, वर तंबाखू. आंघोळीचा काय संबंध? उलट मी तेव्हाच आक्कांना सांगितलं होतं, रोज गरम पाण्यानं आंघोळ घाला, न्हाणीघरापर्यंत धरून चालवा, हातपाय हलते ठेवा. याच ओटीवर सांगितलं होतं. केलं नाही काय तुम्ही?”

मी “केलं” म्हणाले. का, ते ठाऊक नाही. ते निघून गेले आणि मी ओटीच्या खांबाला धरून उभी राहिले.

आता ही गोष्ट कोणीही डॉक्टर सांगतो. फ्लूसारख्या तापात शरीर आतून सुजतं, रक्त गोठायला टपून बसतं, आणि ताप येऊन गेल्यावरच्या दिवसांत मेंदूची नस बंद होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. पहिल्या दिवसांत सगळ्यात जास्त, पुढे हळूहळू कमी. म्हणून म्हाताऱ्या माणसांना फ्लूची लस घ्यायला सांगतात. मी दरवर्षी घेते. सुई टोचताना मला हटकून आत्या आठवते. तिला हे त्या काळी, तिच्या भावाच्या दुखण्यातच समजलं होतं, आणि तिनं मिठाची गुळणी धरली. खरं सांगितलं असतं तर आईचा दोष पुसला गेला असता. मग घरात पुन्हा आईचा हात मोठा झाला असता. एवढ्यासाठी.

आत्याचा ताप उतरला. उतरल्या उतरल्या तिनं हुकूम सोडला, “पाला आण. पाणी ठेव. मला न्हायचंय.”

मी म्हटलं, “इतक्यात नको, आत्या. वारं लागेल.”

ती चपापली. मग म्हणाली, “खिडक्या लाव.”

“खिडक्या लावून काय होतंय? बाबांचं माहीत आहे ना तुला? माझ्या हातून असं काही व्हायला नको. आयुष्यभर लोक नाव ठेवतील.”

मी हे अगदी गोड आवाजात बोलले. बंबाची राख काढून तो कोरडा केला आणि न्हाणीघराला कुलूप लावलं. ती झोपली असताना किल्ल्यांचा जुडगा मी तिच्या उशाखालून काढून घेतला होता, आणि तो माझ्या कमरेला किती छान बसला हे लपवायचं कारण नाही. आत्या स्वतः उठून विहिरीवर जाण्याइतकी धड नव्हती. फडकं पिळून तिचं अंग मात्र मी रोज पुसत होते. एक हात उघडा करायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा.

आत्याचं सोवळंओवळं कडक. आंघोळीशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी बाई. न्हाण झालं नाही म्हणून तिला देवघरात जाता येईना, स्वयंपाकघरात शिरता येईना. केसांत गुंता झाला, डोकं खाजायला लागलं. तापाचा घाम केसांत आणि गादीत मुरून त्याचा आंबूस वास खोलीभर पसरला, आणि तो तिचा तिलाच सहन होईना. आधी ती ओरडली, मग नरमाईनं बोलली, मग आईकडे वळली. “वहिनी, तू तरी पाणी ठेव.”

आईला मी डॉक्टरांचं बोलणं अजून सांगितलेलं नव्हतं. ते आत्याच्या तोंडूनच तिच्या कानावर पडायला हवं होतं. आई बिचारी खरोखरच घाबरली. तिला वाटलं, मी आत्याला जपतेय. ती काकुळतीनं म्हणाली, “वन्सं, पोर बरोबर सांगते. थोडे दिवस कळ काढा. मला पुन्हा ते बघवायचं नाही.”

आत्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. तिनंच घातलेली भीती आईच्या तोंडून तिच्यासमोर येऊन उभी होती आणि तिला हलवता येत नव्हती.

शेजारच्या वाडीतल्या दोघी बायका एका दुपारी तिला बघायला आल्या. बसल्या, आणि पदर नाकाशी नेला. अगदी सहज, कोणालाही कळू नये असा. आत्याला कळला. तिचा तोल गेला. “बघता काय? ही कार्टी मला न्हाऊ देत नाही! मला घाणीत कुजवतेय!”

मी त्या बायकांना म्हटलं, “ताप नुकताच उतरलाय. वारं गेलं अंगावरून तर? बाबांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच.”

दोघींनी माना हलवल्या. “खरं आहे हो. जपावंच लागतं.”

“काही खरं नाही!” आत्या किंचाळली. “अगं मूर्खांनो, आंघोळीनं कुठे वारं जातं? तापानं होतं ते! डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं मला!”

आई पाण्याचे पेले घेऊन दारातच थांबली होती.

“काय सांगितलं होतं?” मी विचारलं. “पुन्हा सांग, आत्या. आईला ऐकू आलं नसेल.”

आत्यानं तोंड फिरवलं. मी तिच्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. “रोज आंघोळ घाला असं सांगितलं होतं ना? धरून चालवा म्हणाले होते ना? मग आईला का नाही सांगितलंस?”

शेजारणी उठायच्या बेतात होत्या, पण उठेनात. त्यांनी सगळं ऐकावं एवढंच मला हवं होतं. ह्याच तोंडांनी आईच्या हाताबद्दल गावभर बोललं गेलं होतं. आता हे गावभर जाऊ दे. मला वाटलं, आता आई बोलेल. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर काढेल, आत्याची खरडपट्टी काढेल, आणि मी शेजारी उभी राहून एकेक शब्द मोजून घेईन.

आईनं पेले खाली ठेवले. तिचा आवाज अजिबात चढला नाही. ती आत्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “मग ते मागत होते तेव्हा मी आंघोळ का नाही घातली?”

आत्यानं डोळे मिटून घेतले.

“रोज मागायचे,” आई म्हणाली. “बोट दाखवायचे. मी हात जोडायचे. ते गेले तेव्हा ओटीवर पाटावर बसवून चौघांनी त्यांच्यावर घागरी ओतल्या. तेवढीच आंघोळ झाली त्यांची, वन्सं. तुमच्या भावाची.”

आत्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिनं बाबांना वाढवलं होतं. लहानपणी विहिरीवर ती त्यांना रगडून न्हाऊ घालायची, हे ती स्वतःच कौतुकानं सांगायची. शेजारणी पाय न वाजवता निघून गेल्या. आईनं माझ्या कमरेचा जुडगा सोडवून घेतला, न्हाणीघर उघडलं, बंब पेटवला. पाला टाकला. पाणी उकळलं तशी गार पाण्याचं विसावण घालून बेताचं केलं, घंगाळात काढलं, शेजारी पाट मांडला. मग आत्याच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, “पाणी काढलंय. माझा हात आता नाही उठायचा, वन्सं. तुमचं तुम्ही घ्या.” आणि ती मागच्या दारानं वाडीत निघून गेली.

न्हाणीघराचं दार उघडंच होतं. पाल्याचा वास घरभर पसरला होता. आत्या पलंगाच्या कडेला, मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. “आत्या,” मी म्हटलं, “ऊठ. न्हायचंय ना?”

ती उठली नाही. मी पुन्हा हाक मारली. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. पाणी निवत होतं, आणि मला कसलीही घाई नव्हती.